गुलाबी टाकीसमोर बोलायच्या गोष्टी

आमच्या घरात भांडायचं असेल तर आधी पिंपांच्या खोलीत जावं लागतं. इतर कुठे आवाज चढवलेला मामंजींना चालत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, माणसं शिस्तीची आहेत. माणसं शिस्तीची नव्हती, माणसं शिराझची होती.

शिराझ म्हणजे द्राक्ष. काळं, जाड सालीचं. आमच्या टेकडीवर दुसरं काही लावलेलंच नाही. या एकाच द्राक्षाच्या मामंजी चार वाइन करतात आणि त्या चौघी सख्ख्या बहिणी आहेत यावर कुणाचा विश्वास बसत नाही. रस सालींबरोबर जेमतेम काही तास ठेवून वेगळा काढला की गुलाबी होते. साली आठवडेच्या आठवडे बुडवून मग वर्ष-दीड वर्ष ओकच्या पिंपात कोंडली की जड होते. तिच्या ग्लासातून पलीकडचं काही दिसत नाही आणि दोन ग्लास झाले की अलीकडचंही. तिसरी लालभडक, पण बुडबुड्यांची. चौथी गोड, तिची छोटी पिंपं जिन्याखाली.

हे सगळं कुठल्याही वाइनवाल्याला येतं. मामंजींचं म्हणणं असं की हे झालं नुसतं अंग. स्वभाव कुठून आणणार? स्वभाव ऐकण्यातून येतो. म्हणून गुलाबीच्या टाकीसमोर फक्त हलकंफुलकं बोलायचं: हवापाणी, कुणाचं लग्न ठरलं, कुणाला कुठला रंग खुलतो. बुडबुड्यांच्या बाटल्यांसमोर थट्टामस्करी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चहाड्या. ते खातं नणंदेकडे, आणि ती त्यासाठीच जन्माला आलेली आहे. जिन्याखाली जुन्या आठवणी, त्याही साठी उलटलेल्यांनीच काढायच्या. आजारपण, मरण, वाटण्या आणि भांडणं पिंपांच्या खोलीत.

पहिल्याच हंगामात गुलाबीच्या टाकीच्या झाकणात माझं बोट चेंगरलं. मी किंचाळले. मामंजी धावत आले. मला वाटलं, बोट बघायला आले. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला, दंडाला धरून बोळातून पिंपांच्या खोलीत नेलं आणि मायेनं म्हणाले, "हं, आता ओरड पोरी. अगदी मोकळेपणी." तोवर बोट दुखायचं थांबलं होतं, तरी म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये म्हणून मी थोडी ओरडले. त्या पिंपाला पुढे बक्षीस मिळालं आणि मामंजींनी चार लोकांत माझे आभार मानले.

घरी येणारी माणसंही तयार झाली आहेत. पोस्टमन फाटकातूनच "जड आहे!" किंवा "हलकं आहे!" असं ओरडतो. फोन आला की सासूबाई आधी विचारतात, बातमी कशी आहे, आणि वाईट असेल तर "एक मिनिट हं, पिंपांकडे जाते" म्हणून फोन घेऊन पळतात. या वयात त्या ज्या वेगाने पळतात ते बघून मला त्यांचं कौतुक वाटायचं. त्यांच्याकडे घरचं दुसरंही एक काम होतं, गुलाबीची टाकी पुसायचं. रोज संध्याकाळी, कितीही पसारा पडलेला असो, त्या फडकं घेऊन एकट्या तिथे जायच्या आणि टाकी लख्ख करून यायच्या.

मामंजी वेडे असतील, पण चव घ्यायला मला त्यांनीच शिकवलं. चारही ग्लास समोर मांडायचे आणि म्हणायचे, "मिरी शोध. शिराझला कुठलेही कपडे घाल, आत मिरी असतेच." जड वाइनमध्ये ती दारातच उभी असते, धुराच्या वासाबरोबर. बुडबुड्यांच्या वाइनमध्ये ती थेट नाकात उडते. गोड वाइनमध्ये मनुकांच्या मागे दडते आणि घोट गिळल्यावर घसा किंचित गरम होतो तेव्हा सापडते. गुलाबीत मात्र मला महिनोन्‌महिने काही मिळेना. स्ट्रॉबेरी, कलिंगड, गारवा, आणि संपलं. "संपलं म्हणू नकोस. थांब," मामंजी म्हणायचे. मी थांबायला शिकले आणि एक दिवस ती आली. सगळं गेल्यावर, जिभेच्या मुळाशी, अगदी बारीक. मी हात वर केला. मामंजींचे डोळे भरून आले. ते तसेच उठून पिंपांकडे गेले आणि डोळे पुसून परत आले. "ही शेवटची मिरी दुसऱ्या कुणाच्याही गुलाबीत नाही," ते म्हणाले. "कशी येते ते मलाही माहीत नाही. आपल्या हसण्याबोलण्यातूनच येत असणार."

आता माझ्या नवऱ्याकडे येते. मी दात बनवते. कवळ्या, दाढांच्या टोप्या, सुटे दात. मामंजींची मोडलेली कवळी घेऊन हा माझ्या दुकानात आला आणि कवळी तयार झाल्यावरही तासभर बोलत बसला. (कवळी किंचित जांभळी हवी होती, घरातल्या इतरांच्या दातांना शोभेलशी.) एवढा बोलका माणूस पुन्हा मिळायचा नाही म्हणून मी लग्नाला हो म्हटलं. या घरात पाऊल टाकलं आणि बोलका माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. लहानपणापासून त्याला प्रत्येक वाक्य आधी तोलायची सवय. 'भूक लागली' हे हलकं की जड, हे ठरेपर्यंत त्याचं जेवण निवून जायचं.

अशात मला दूरच्या मोठ्या शहरातल्या दातांच्या एका लॅबमधून बोलावणं आलं. सगळा विभाग माझ्या हाताखाली. शनिवारपर्यंत कळवा, म्हणाले. मला जायचं होतं आणि नवरा बरोबर हवा होता. माझ्या मनात यापलीकडे काहीही गुंतागुंत नव्हती. फक्त ते त्याने आपणहून म्हणायला हवं होतं. माणसाला ओढून नेलं तर तो सामानासारखा येतो.

मी त्याला फाटकाबाहेर रस्त्यावर गाठून सांगितलं. त्याचा चेहरा आधी उजळला, मग पडला.

"मला यावर बोलायचंय," तो म्हणाला.

"मग बोल की."

"इथे नको. इथे बोललेलं आमच्यात धरत नाहीत."

हे खरं होतं. घरातली मोठी गोष्ट कुठल्या तरी वाइनने ऐकलीच पाहिजे, नाहीतर ती झालीच नाही असं मानतात. त्याने मला गुलाबीसमोर नेलं, तोंड उघडलं, मिटलं. पिंपांसमोर नेलं, तिथेही तेच. मंगळवार गेला, बुधवार गेला, भिजत घोंगडं तसंच पडलं. मी त्याला 'मासा' म्हणायला लागले, कारण दिवसभर त्याचं तोंड उघडायचं आणि मिटायचं.

शेवटी गुरुवारी घरची बैठक बसली. बैठक नेहमीप्रमाणे न्हाणीघरात, नळ सोडून. तिथे वाइन नाही, म्हणून तिथलं बोलणं धरत नाहीत, आणि म्हणूनच तिथे चर्चा करता येते. मामंजी पालथ्या बादलीवर, नणंद टबच्या कडेवर, सासूबाई आरशाखाली, नवरा दाराला टेकून. मी साबणाच्या कपाटाजवळ, जागा मिळेल तशी.

"नोकरी लागली ही गोष्ट गुलाबी," मामंजींनी सुरुवात केली. "सून जाणार ही जड. आता मुलगा काय बोलणार आहे, त्यावर सगळं."

"काय बोलणार आहेस रे?" नणंदेनं विचारलं.

"ते इथे कसं सांगू?" नवरा म्हणाला.

"मला वाटतं जिन्याखाली बोलावं," नणंद म्हणाली. "ती गेल्यावर आठवणच होणार आहे तिची."

"अजून मी गेलेली नाही, वन्सं," मी म्हटलं. "इथेच साबणाजवळ उभी आहे."

मामंजींनी बराच विचार केला. नळाचं पाणी वाहत होतं. मग निकाल आला: वाक्याचे दोन भाग करायचे. आनंदाचा भाग गुलाबीसमोर, उरलेला पिंपांसमोर. मधल्या बोळात फक्त श्वास घ्यायचा. नवऱ्याने मान डोलावली. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नळ बंद केला.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे गुलाबीच्या खोलीत जमलो. टाकी चकचकीत, प्रत्येकाचा चेहरा तिच्यात लांबुळका दिसत होता. बोळाचं दार मामंजींनी आधीच उघडून ठेवलं होतं. नवऱ्याने घसा साफ केला.

"तुला नोकरी लागली," तो टाकीकडे बघून म्हणाला, "याचा मला फार आनंद झालाय."

"छान," मामंजी म्हणाले. "आता चल."

तो चालला नाही. टाकीतल्या स्वतःच्या तोंडाकडे बघत राहिला. मी हळूच त्याची बाही ओढली.

"तू गेलीस तर मी मरेन," तो म्हणाला.

नणंद दचकून स्टुलावरून उठली. मामंजींनी दाराकडे बोट दाखवलं. पण धरण फुटलं होतं. "मला घेऊन चल. मी तिकडे काहीही करीन, दात घासत बसेन तुझ्या लॅबमध्ये. मला या घरात भीती वाटते. मला भूक लागली म्हणायचीसुद्धा भीती वाटते. मी लहान होतो तेव्हापासून वाटते!"

मामंजी टाकीचे कान झाकायला धावले. टाकीचे कान कुठे असतात हे कुणालाच माहीत नसल्यामुळे ते हात पसरून तिच्याभोवती नुसतेच फिरत राहिले. मला एकदम हसू आणि रडू फुटलं. त्यातलं निम्मंच त्या खोलीत चालण्यासारखं होतं. मला माझा दुकानातला माणूस परत मिळाला होता.

मग मामंजी थांबले. त्यांनी ग्लास घेतला, टाकीची तोटी सोडली आणि एक घोट तोंडात फिरवला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

"जड झाली," ते म्हणाले. "सबंध वर्षाची गुलाबी गेली. ओतून टाकावी लागणार."

नवरा खाली बसला. "बाबा, मी शब्द परत घेतो," तो म्हणाला. "मी कुठेही जात नाही. मी गंमत केली. ऐकलंस ना?" हे तो टाकीला म्हणाला. "गंमत होती." आणि तो हसला. तसलं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायचं नाही. मला त्याचा राग आला नाही. कीव आली, आणि स्वतःची त्याहून जास्त आली, कारण मला कळलं की मी एकटी जाणार.

"ओतायची काही गरज नाही," सासूबाई म्हणाल्या.

त्या दाराशी उभ्या होत्या. हातात फडकं होतं.

"अगं, चाखून बघ, किती जड..."

"तुम्हाला आज जड लागतेय," सासूबाई म्हणाल्या. "मी लग्न होऊन आल्यापासून रोज संध्याकाळी या टाकीशी रडते. तेव्हा एकदाही नाही लागली."

मामंजींना हे समजून घ्यायला बराच वेळ लागला आणि समजलं तेव्हा त्यांच्या तोंडून निघालं ते एवढंच: "पण पिंपांची खोली होती ना?"

"होती. तिकडे निघाले की घरभर कळतं, बाई रडायला चालली. मग कशासाठी, कुणामुळे, किती वेळ. टाकी पुसणाऱ्या बाईला कोण काय विचारतं?" त्यांनी फडक्याची घडी घातली. "आणि लोक याच वाइनला म्हणतात ना, नुसती हसत असते म्हणून? तुम्हीच बाटलीवर छापून घेतलंत." मग त्या मुलाकडे वळल्या. "ऊठ. बोललास ते परत घेऊ नकोस. वाइनला काही होत नाही. झालं असतं तर पहिल्याच वर्षी झालं असतं."

नवरा उठला. त्याने माझा हात धरला, इतका घट्ट की बोट पुन्हा चेंगरतंय की काय असं वाटलं.

मामंजींच्या हातात ग्लास तसाच होता. त्यांनी दुसरा घोट घेतला. गिळला. आणि मला शिकवलं होतं तसे थांबले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत थांबलो. स्ट्रॉबेरी गेली असेल, कलिंगड गेलं असेल, गारवा गेला असेल. मग मिरी आली. ती त्यांच्या जिभेच्या मुळाशी आलेली मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसली, आणि मामंजी सासूबाईंकडे असे बघायला लागले जसं काही त्या आत्ताच या घरात आल्या आहेत.

त्यांनी सवयीने सासूबाईंचा दंड धरला आणि बोळाच्या दाराकडे नेलं. उंबऱ्यापाशी थबकले. मग त्यांना परत आणलं, दार लावून घेतलं, आणि गुलाबीच्या टाकीसमोर, हलक्या नव्हे, अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "का रडायचीस?"

सासूबाई आमच्याकडे वळल्या. "तुम्ही जा, लॅबला फोन करा," त्या म्हणाल्या. "मला इथे वेळ लागणार आहे."

आम्ही बाहेर पडलो, नणंदेलाही ओढून बाहेर काढलं. मागे स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मामंजी बसले असावेत. बोळात नवरा थांबला.

"मला भूक लागलीय," तो म्हणाला. चांगला मोठ्यानं म्हणाला.