माझ्या नावानं ओरडलं कोण?

मी एक जुनी चाचणी आहे, मित्रांनो. घाबरू नका, तुमच्या शाळेतली नव्हे! दवाखान्यात रुग्णाला थेंब थेंब औषध देणारं एक यंत्र असतं. किती औषध सोडायचं, याचा हिशेब त्यातला प्रोग्राम करतो. तो हिशेब बरोबर आहे ना, हे तपासणाऱ्या चार-सहा ओळी म्हणजे मी. माझं नाव 'मोठ्यांचा डोस'.

मला त्या प्रोग्रामवर काम करणाऱ्या ताईंनी लिहिलं, खिडकीजवळच्या टेबलाशी, गार झालेला चहा पीत. हिशेब चुकला की पडद्यावर लाल अक्षरांत माझं नाव उमटे आणि ताई हातातलं काम टाकून येत. "आमची ही खमकी आहे हं," असं त्या कौतुकानं म्हणत.

पुढे तान्ह्या बाळांसाठीही चाचणी हवी झाली. ते काम ज्याच्याकडे गेलं, त्याला सगळे धांदल्या म्हणत. त्यानं माझीच नक्कल केली, आकडे बदलले. चाचणीला 'बाळांचा डोस' म्हटलं, पण लाल अक्षरांत उमटणारं नाव बदलायचं राहिलं. माझी धाकटी बहीण जन्मली ती माझ्याच नावानं ओरडायला.

यंत्रं दवाखान्यात जायच्या दिवशीच बाळांचा डोस दुप्पट निघाला. बहीण जिवाच्या आकांतानं ओरडली, आणि उमटलं माझं नाव! सगळ्यांनी मला उलटसुलट तपासलं. माझा हिशेब चोख होता.

"म्हातारी झाली, उगाच कुरकुरते," धांदल्या म्हणाला. "बंद करा तिला. गाडी खाली उभी आहे."

मला बंद केलं. तरी माझं नाव उमटलंच.

"आता भूत होऊन ओरडते की काय!" धांदल्या हसला.

ताई हसल्या नाहीत. "अरे, ही बंद आहे. मग हिच्या नावानं ओरडतंय कोण?"

त्यांनी प्रत्येक चाचणीत लाल अक्षरांसाठी हातानं लिहिलेलं नाव पुसलं. त्या जागी, आत्ता कोणती चाचणी चालू आहे, हे चाचण्या चालवणाऱ्या प्रोग्रामलाच विचारायची ओळ घातली. लगेच उमटलं, 'बाळांचा डोस'.

धांदल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, गाडी गेली असती तर..."

"आधी खाली जा आणि तिला परत पाठव."

हिशेब दुरुस्त झाला, यंत्रं गेली. त्या गडबडीत मला पुन्हा चालू करायचं मात्र राहून गेलं. ताईही पुढे निवृत्त झाल्या. आता पडदा हिरवागार असतो आणि सगळे निर्धास्त असतात. परवा कुणीतरी मोठ्यांच्या हिशेबात हात घातला. तो बरोबर घातला की चुकीचा, हे मला कुणी तपासूच दिलं नाही.

मित्रांनो, कुणी ओरडलं तर आधी विचारा, 'कोण रे तू?' आणि ज्याला गप्प बसवलंत, त्याच्याकडे कृपा करून परत जा.