भंडाऱ्याची चिमूट

माझ्या बायकोचं संशोधन पेपरात छापून आलं तेव्हा सगळ्यात जास्त मिरवलो मी. हिंगोलीजवळच्या गोरेगावात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. येणाऱ्याचा फोन उघडून ठेवायचा आणि आधी त्याला मंजुषाची बातमी ऐकवायची, हा माझा धंदाच झाला होता. लोक वैतागायचे, पण फोन माझ्या ताब्यात, जातात कुठं!

मंजुषा हिंगोलीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. हळकुंडाला झळाळी यावी म्हणून काही व्यापारी त्याला शिशाचा पिवळा रंग चोळतात आणि ते शिसं लहान लेकरांच्या मेंदूला धरतं, हे तिनं दुकानादुकानांतली हळद तपासून दाखवलं. छापे पडले, पोती जप्त झाली. बाजारातली हळद एकदम फिकी झाली, म्हणजे खरी झाली.

आणि त्यानंतर आमची ऐशू बिघडत गेली.

ऐशू दोन वर्षांची, भलती बडबडी. माझी आई शकुबाई रविवारी खंडोबाची पूजा आटोपून "येळकोट येळकोट" म्हणायची आणि ऐशू "जय मलाल" ओरडून घर डोक्यावर घ्यायची. तीच पोरगी आता पोट धरून कण्हायची. घास तोंडात घेऊन बसायची, गिळायची नाही. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, रक्तवाढीचं दिलं. मग तिचे शब्द जायला लागले. "पाणी" गेलं, "भूभू" गेलं, एक दिवस मला "बाबा" म्हणायचंही थांबलं. "मलाल" तेवढं राहिलं होतं. त्या एका शब्दावर मी रविवार ते रविवार जीव धरून होतो.

एकदा मंजुषा सकाळीच देवघरापाशी गेली आणि तिची किंकाळी ऐकून मी धावलो. आईनं ऐशूच्या जिभेवर भंडारा ठेवला होता. मंजुषा पदरानं तिची जीभ खसाखसा पुसत होती.

"काहून ओरडून राहिलीस माय?" आई घाबरून म्हणाली. "देवाचा भंडारा हाय. आधी रईवारीच देत होते. लेकराला बरं वाटंना, म्हून आता रोज देऊन राहिले."

"रोज?" मंजुषानं वाटी उचलली.

वाटीतला भंडारा डोळ्यांत भरेल असा पिवळाजर्द होता. शेजारी पाकीट पडलं होतं. वर ठळक अक्षरांत 'पूजेची हळद', खाली बारीक अक्षरांत 'खाण्यासाठी नाही'. आईला वाचता येत नाही. आलं असतं तरी काय? आमच्यात भंडारा कुणी खात नाही. तो घेतात. कपाळाला लावतात आणि चिमूटभर तोंडात टाकतात. हे मंजुषालाही लग्न झाल्यापासून माहीत होतं. तरी तिनं किराण्याची हळद तपासली, पूजेची तपासली नाही. "मला ती खाण्याची वाटलीच नाही हो," ती म्हणाली.

आम्ही तसेच हळदीचा व्यापारी दगडोबा याच्या दुकानात गेलो. पाकीट त्याचंच होतं. मी त्याची कॉलर धरली.

"मला काहून मारता?" तो म्हणाला. "छाप्यातून उरल्या रंगीत मालाचं काय करावं म्हून आमी व्यापाऱ्यांच्या मिटिंगीत इचारलं. म्याडम, तुमीच म्हणल्या न्हाई का, खायची नसंल तर पाकिटावर तसं लिवा म्हून? आमी बराबर लिवलं."

मंजुषानं माझा हात खाली घेतला. "सोडा त्यांना. मी म्हणाले होते."

दुसऱ्या दिवशी तिनं ती वाटी प्रयोगशाळेत नेली. दुपारी तिचा फोन आला. पलीकडून नुसतं रडणं ऐकू आलं. मी शटर ओढलं आणि अंधारात स्टुलावर बसून राहिलो. खोटं कशाला बोलू, मला देवाचीही भीती वाटली आणि माझ्या बायकोचीही.

ऐशूला नांदेडला दाखवलं. रक्तात शिसं होतं, फार होतं. डॉक्टर म्हणाले, औषधानं रक्तातलं निघेल. मेंदूचं जे झालंय, ते आज सांगता येणार नाही.

घरी आल्यावर मंजुषा दारोदार हिंडून पाकिटं गोळा करू लागली. प्रत्येक घरी लेकरू दारात आलं, की ती आधी त्याच्याशी बोलायची आणि श्वास रोखून उत्तराची वाट बघायची. आई दिवसभर भिंतीला टेकून बसायची. ऐशूला जवळ घ्यायचंही तिनं सोडलं होतं.

रविवार आला. आईनं पूजा मांडली. वाटी रिकामी होती. ऐशू सवयीनं पुढं गेली आणि देवासमोर बसली. मंजुषा आणि मी दारात उभे होतो. आईनं आमच्याकडं पाहिलं, मग नातीकडं.

"येळकोट येळकोट," ती म्हणाली.

आम्ही तिघंही थांबलो. आईनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. "येळकोट येळकोट, माय माझी. म्हण ना."

ऐशूनं आजीकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि जीभ बाहेर काढून वाट बघत बसली.