वहिनींसाठी शहाळं

महांतेशनं हातात शहाळं दिलं आणि दीपमालाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

टेबलावर बर्गंडीच्या जुन्या लाल वाईनच्या तीन बाटल्या होत्या. तिच्या नवऱ्यानं, अमरेशनं, फ्रान्समधली नोकरी सोडून नांदेडला परतताना त्या आणल्या होत्या. आपल्या उन्हाळ्यात घरी ठेवल्या तर काढा होईल, म्हणून लातूरला महांतेशच्या शीतगृहात ठेवायला दिल्या. सगळे मिळून जेवायला बसू तेव्हाच उघडायच्या, असं दोघा मित्रांचं ठरलं होतं. मग अमरेशच गेला, झोपेत, हृदय बंद पडून. दोन वर्षं बाटल्यांचं नाव कुणी काढलं नाही. या रविवारी महांतेशनं शिरूर अनंतपाळच्या वाटेवरल्या आपल्या शेतात बोलावलं, तेव्हा दोघांचा तिसरा मित्र सत्यम आणि त्याची बायको तारामती तिला गाडीत घालून घेऊन आले.

तिनं फोनवर बजावलं होतं, बाटल्या आदल्या दिवशी उभ्या करून ठेवा, हलवू नका, गाळ खाली बसू द्या. महांतेशनं त्या नळाखाली घासून लख्ख धुतल्या होत्या. लेबलंही निघून गेली होती. ते तिनं गिळलं. पण ग्लास दोनच होते. एक त्याचा, एक सत्यमचा.

"माझा ग्लास?" तिनं विचारलं.

"वहिनी, तुमच्यासाठी शहाळं हाय की. गार हाय."

"मी वाईन प्यायला आले, भाऊजी."

महांतेशनं वावरात काम करणाऱ्या गड्यांकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "लोक बघायलेत. अमरेश असता तर गोष्ट येगळी होती. आता बरं दिसत न्हाई."

"आता म्हंजे? विधवा झाले म्हणून?"

"तसं न्हाई म्हटलं मी."

"तसंच म्हटलं! फ्रान्समध्ये, दिजोंला आमच्या घरी आठ दिवस राहिलात. रोज संध्याकाळी कोण ओतून देत होतं? माझ्याच हातची प्यालात, माझ्याच शेजारी बसून. तवा बरं दिसत होतं?"

सत्यम भाकरीचा तुकडा हातात धरून तसाच बसला. तारामती मात्र उठली, आत गेली आणि पाणी प्यायचे दोन स्टीलचे पेले घेऊन आली.

दीपमालानं पहिल्या बाटलीतली चूळभर घेतली. नुसतं व्हिनेगर. ती थुंकली. दुसरीतली तिनं सत्यमच्या ग्लासात ओतून चाखली; गढूळ होती, जिभेवर गाळ खरखरला. "धुतल्यात ना घासून!" ती ओरडली. गडी सरळ उभे राहून बघू लागले. बघू देत.

तिसरी तिनं अगदी हळू, बाटली तिरकी धरून आपल्या पेल्यात ओतली. आधी काहीच नाही, जरा आंबट पाणी. मग घशाखाली उतरताना सुकलेल्या गुलाबांचा वास आला, ओल्या लाकडाचा, झाडाखाली कुजलेल्या पानांचा. दिजोंच्या स्वयंपाकघरात अमरेश डोळे मिटून ग्लास हुंगायचा, तोच वास. तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग, त्याच्यावरसुद्धा. बाटल्या मित्राच्या हवाली केल्या आणि बायकोला सांगायचं राहून गेलं, या तुझ्याही आहेत म्हणून.

तिनं तारामतीचा पेला भरला, सत्यमच्या ग्लासातली गढूळ वाईन जमिनीवर ओतून त्यात चांगली घातली. महांतेशनं आपला ग्लास पुढं केला. तिनं बाटली खाली ठेवली.

"चुकलं, वहिनी," तो म्हणाला. "माझ्या मनात वाईट नव्हतं."

"म्हणूनच लई राग आला. मनात वाईट असतं तर मी आलेच नसते."

"मग आता?"

"आता काय न्हाई. आज मला रागातच राहू द्या."

तो उठून चुलीकडं गेला. तिनं ताट ओढलं, भाकरीबरोबर भरलं वांगं घेतलं, आणि वर एक घोट. वांग्याच्या तिखटानं वाईन गोड लागली.

"तारा, हे बघ," ती म्हणाली. "वांग्याबरोबर घे."