पड टाकलेलं वावर

"काकी, थांबा! आता एक बी झुडूप तोडू नका!"

इंद्रजित चढावरून धापा टाकत ओरडला. ठकुबाईंनी हातातली कारवी बाजूला फेकली आणि पुतण्याकडे पाहिलं.

"का रं? मजूर आणलास व्हय माज्या मदतीला?"

"न्हाई. ह्ये जंगल हाय."

ठकुबाई हसल्या. "उन्हानं डोकं फिरलंय तुजं. ह्ये माजं वावर हाय. पड टाकलंय."

विंझरच्या वरच्या अंगाच्या त्या वाडीत ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. उताराची माती पातळ. तिच्यात दोन-तीन वर्षं नाचणी घ्यायची, मग तिला मोकळी सोडायची. झुडपं वाढतात, पाला कुजतो, मातीत पुन्हा जीव येतो. मग झुडपं तोडून नांगर घालायचा. ठकुबाईंचे असे दोन तुकडे होते. खालचा पार दमला होता. गेल्या साली कणसं करंगळीएवढीही भरली नव्हती. यंदा वरचा पेरला नाही, तर घरची भाकरी संपली.

इंद्रजितने मोबाईल पुढे धरला. वाडीचा आभाळातून काढलेला नकाशा होता. खाचरं पिवळी आणि ठकुबाईंचा तुकडा हिरवागार.

"आपल्या शेतकरी गटाला भाताची गिरणी घ्यायचीय. पुण्याची संस्था कमी व्याजानं कर्ज देतीय, पण फकस्त हिरव्या वर्गात बसणाऱ्या शेतीला. वाडीतल्या कुणीबी जंगल तोडलं, तर समदा गट त्या वर्गातनं भाईर. त्यांची बाई आलीया. चला खाली."

"वरनं फोटू काढला म्हणतोस? मग मीबी दिसत आसंन त्यात. इचार तिला, जंगलात ही म्हातारी काय करतीय!"

भैरवनाथाच्या मंडपात सगळी वाडी बसली होती. संस्थेची शेफाली वयाने लहान, बोलायला मऊ.

"आजी, जमीन पाच वर्षांपर्यंत मोकळी असली तर नियमात ती शेतीच धरतात. त्यापुढे झाडोरा वाढला की जंगल. तुमची किती वर्षं झाली?"

"सात."

"मग वेळेवर का नाही पेरलीत?"

"पेरायची पाळी आली आन् मालक गेलं," ठकुबाई म्हणाल्या. "औत धराय कुणी न्हवतं. म्हणलं, जमिनीला जास्तीचा इसावा मिळतोय, मिळू दे. पीक चांगलं येईल."

शेफालीने मान खाली घातली. "अशा अडचणींसाठी मी आधीही वर विचारून पाहिलंय, आजी. नियमात त्याला जागा नाही."

इंद्रजितची आई मंगल, ठकुबाईंची धाकटी जाऊ, पुढे सरकली. "आक्का, दर साली टेम्पो करून भात कुठं कुठं न्यावं लागतं. यंदाच्या वर्साला ऱ्हाऊ द्या की."

"यंदाचं न्हवं मंगल. एकदा जंगल म्हणलं की कायमचं. व्हय ना, बाई?"

शेफालीने होकार दिला.

"वयनी, तुमाला नाचणी कमी पडू द्यायची न्हाई," म्हातारा कोंडिबा म्हणाला. "घरटी पायली-पायली घालू."

"सूप घिऊन दारोदार हिंडू म्हणता, भाऊजी?"

ठकुबाईंनी सगळ्यांवर नजर फिरवली. सगळी आपलीच माणसं. मालकांना खांदा दिलेली.

"लिवा जंगल," त्या म्हणाल्या.

मंडप एकदम बोलका झाला. कुणीतरी चहा सांगितला. इंद्रजित पाया पडला, तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण तोंडातून आशीर्वाद लवकर निघाला नाही.

श्रावणात गिरणी आली. पहिला नारळ ठकुबाईंच्या हातून फोडून घेतला. मंगलने गिरणीतून निघालेल्या तांदळाच्या भाताचा पहिला घास त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी खाल्लाही.

मग कुणाला न सांगता त्या वर गेल्या. आजूबाजूच्या उतारांवर नाचणीची रोपं वाऱ्याने लवत होती. बायका निंदणीला वाकल्या होत्या. आपल्या तुकड्याच्या कडेला आल्यावर ठकुबाईंनी सवयीने चपला काढल्या. स्वतःच्या वावरात त्या कधी चपला घालून शिरल्या नव्हत्या.

वैशाखात तोडलेली कारवी खुंटातून पुन्हा फुटली होती. करवंदीच्या जाळ्या एकमेकींत गुंतल्या होत्या. त्यांनी पाऊल टाकलं आणि काटा रुतला.

त्यांनी वाकून काटा उपटला. चपला पुन्हा पायांत घातल्या.