चार सामन्यांची कीपर

क्रिकेटच्या राष्ट्रीय संघाबरोबर तिने नऊ वर्षांत तेरा दौरे केले आणि ती एकही सामना खेळली नाही. ती दुसरी कीपर होती. पहिली आजारी पडली किंवा तिला लागलं, तर दुसरीने उभं राहायचं. पहिली आजारी पडत नव्हती आणि तिला लागतही नव्हतं.

पहिलीला सगळा संघ ताई म्हणायचा आणि हिला चिमणी. एकोणिसाव्या वर्षी आली तेव्हा अंगाने एवढीशी होती म्हणून पडलेलं नाव अठ्ठाविसाव्या वर्षीही चालूच होतं.

दुसरी कीपर म्हणजे नुसतं बसून राहायचं, असं लोकांना वाटतं. चिमणीला दिवसभर उसंत नसे. सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर जाऊन ताईला बॅटने साठ चेंडू मारून द्यायचे, मग तिच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळायच्या. सामना सुरू झाला की पाणी, कोरडे ग्लोव्हज, कोचचा निरोप, कोणाची टोपी, कोणाची डोकेदुखीची गोळी. संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत ताई आडवी पडून म्हणायची, "तो लेगचा सुटला बघ आज." मग दोघी उठून भिंतीला उशी टेकवायच्या, तिला स्टंप मानायच्या आणि पाय कुठे चुकला ते शोधायच्या. ताईने तिला जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याच कोचने शिकवलं नव्हतं.

घरी आली की मामा विचारायचे, "काय गं, टीव्हीवर दिसत नाहीस ती?"

"ड्रिंक्सच्या वेळी बघत जा, मामा. बाटल्या घेऊन पळते ना, ती मीच."

मामा पोट धरून हसायचे. आई हसत नसे. ती सरकारी इस्पितळात प्लास्टर घालायच्या खोलीत नर्स होती. लेकीचा हात हातात घेऊन एकेक बोट दाबून बघायची आणि सोडून द्यायची.

तिसऱ्या दौऱ्यात एकदा ताईला ताप भरला. सामन्याच्या दिवशी चिमणी खोलीतून लवकर खाली उतरली आणि नाश्त्याला दाराकडे तोंड करून बसली. थोड्या वेळाने ताई आली. डोळे लाल, चेहरा उतरलेला. दोन टोस्ट खाल्ले आणि दिवसभर खेळली. चिमणीला राग आला. राग कशाचा आला हे कळल्यावर तिने ताट बाजूला सारलं. हे तिने कोणालाच सांगितलं नाही. सांगणार तरी कोणाला? असलं काही सांगायला तिला एकच माणूस होतं, आणि ते ताई.

चौदाव्या दौऱ्यात, पहिल्या सामन्याच्या सकाळी, हवा फार गार होती. मैदानाच्या त्या टोकाला दोघीच होत्या.

"हात गारठलेत," ताई म्हणाली. "जरा जोरात मार."

चिमणीने मारला.

"अजून जोरात. घाबरतेस काय?"

पुढचा चेंडू बॅटच्या कडेला लागला, मध्येच उसळला आणि ताईच्या उजव्या हातावर सरळ बोटांच्या टोकांवर बसला. ताई ओरडली नाही. नुसती खाली बसली आणि हात पोटाशी धरला.

फिजिओने ग्लोव्ह काढला तेव्हा करंगळीशेजारचं बोट भलत्याच दिशेला वळलेलं होतं. सगळ्या जणी भोवती जमल्या. शेवटी संघातली वेगवान गोलंदाज म्हणाली, "काय गं चिमणे, नऊ वर्षांनी नेम लागला तुझा!"

सगळ्या हसल्या. त्या घटकेला हसायला काहीतरी हवंच होतं. चिमणीने ताईकडे बघितलं. जोरात मार असं मीच म्हणाले, एवढंच ताईने सांगायचं होतं. ताई बोटाकडे बघत राहिली.

चाळीस मिनिटांनी कॅप्टनने चिमणीच्या हातात राष्ट्रीय संघाची टोपी ठेवली. एरवी अशा वेळी भाषण होतं, घरच्यांना फोनवर घेतात. तेवढा वेळ नव्हता. ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात बसून तिने स्वतःच्या बोटांना पट्ट्या गुंडाळल्या. उजव्या हाताची पट्टी दातांनी तोडावी लागली.

पहिली काही षटकं तिला काहीच ऐकू येत नव्हतं. मग फिरकी गोलंदाज आली, चेंडूने कड घेतली आणि तिच्या ग्लोव्हजमध्ये येऊन बसला. सगळ्या धावत आल्या, अंगावर पडल्या, कोणीतरी तिची टोपी उडवली. तिची मान आपसूक बाहेरच्या बाकांकडे वळली. ताई इस्पितळातून अजून परतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताई घरी निघाली. एका हाताने तिला बॅगेची चेन ओढता येईना. चिमणीने गुडघा टेकून ती ओढून दिली.

"ती डावखुरी गोलंदाज," दारात ताई म्हणाली, "तिचा चेंडू उशिरा वळतो. उठायची घाई करू नकोस."

"बरं."

"येते."

गाडी गेली. चिमणीने वर येऊन आईला फोन लावला.

"एक्सरे बघितलास का तू तिचा?" आईने आधी हेच विचारलं. "सांधा वाचला असेल तर सहा आठवडे. नाहीतर जास्त."

"आई, मी खेळले काल."

"बघितलं गं. एका म्हाताऱ्याला अर्धं प्लास्टर घालून तसाच बसवून ठेवला आणि बघितलं. ओरडत होता बिचारा. ती एकटीच निघाली का घरी?"

"हो. आणि इथे मी एकटी."

त्या दौऱ्यात ती चार सामने खेळली. सात झेल, दोन स्टंपिंग, सुटलेला एक झेल, आणि एकदा तेवीस धावा. दोन सामने जिंकले. कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही. फक्त ती गंमत काही संपली नाही. ती जेवायला टेबलाशी आली की कोणीतरी म्हणायचं, "बोटं सांभाळा गं." सुट्टीच्या दिवशी मुली दोघी-तिघी मिळून बाहेर पडायच्या. नऊ वर्षं चिमणी ताईबरोबर जात होती, त्यामुळे ती कोणाबरोबर जाणार हा प्रश्न कोणाला पडलाच नव्हता. ती खोलीत बसून ग्लोव्हज वाळत घालायची. तिने ताईला लिहिलं, "बोट कसं आहे?" दोन दिवसांनी उत्तर आलं, "बरं."

इतकी वर्षं तिला वाटत होतं, आपण बाहेर बसतो म्हणून एकट्या पडतो.

दोन महिन्यांनी शिबिरात दोघी समोरासमोर आल्या. जेवणघर रिकामं झालं होतं. ताई ताट घेऊन सरळ तिच्या समोर येऊन बसली. बोट जरा वाकडंच बसलं होतं.

"मी सांगायला हवं होतं तेव्हा," ताई म्हणाली.

"काय?"

"माहीत आहे तुला काय."

"मग का नाही सांगितलंस?"

ताईने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "नऊ वर्षं रोज सकाळी तू समोर उभी. मला वाटायचं, ही वाट बघतेय. तोंडाने काही बोलणार नाही, पण वाट बघतेय. बोट मोडलं तेव्हा म्हटलं, घे, झालं तुझ्या मनासारखं."

चिमणीला नाही म्हणता आलं असतं. "कधीकधी बघायचे वाट," ती म्हणाली. "एकदा तुला ताप आला होता तेव्हा. फार लाज वाटली होती."

"मला माहीत होतं. म्हणून तर उठून आले."

ताईने तिच्या ताटात आपली भाजी वाढली, तिने खाल्ली.

पुढच्या आठवड्यात निवड समितीच्या बाईंचा फोन आला. "तू छान खेळलीस हं. अगदी छान. पण आता पुढची पाच वर्षं बघायला हवीत ना." पहिली कीपर ताईच राहणार होती. दुसरी म्हणून वीस वर्षांच्या एका मुलीला घेतलं होतं. चिमणीने बाईंचे आभार मानले. पुढचा दौरा निघाला त्या दिवशी ताईचा विमानतळावरून फोन आला. तो घ्यायला चिमणीचं मन होईना.

खेळाडूंच्या कोट्यातून तिला पाणीपुरवठा खात्यात नोकरी होती, आजवर नावापुरतीच. सोमवारी ती हजर झाली. खिडकीजवळचं टेबल, तक्रारींच्या अर्जांचा गठ्ठा. पहिल्या दिवशी सगळ्यांनी तिच्याबरोबर फोटो काढले. शुक्रवारपर्यंत ती खात्यातली एक बाई झाली होती.

समोरच्या टेबलावर एक जुने कारकून बसायचे. एका दुपारी चहा पिता पिता ते म्हणाले, "तुमचा तो कॅच मी अजून विसरलो नाही हं. डावीकडे झेप घेतलीत आणि एका हातात! पोरांना अजून सांगतो."

"तो माझा नाही, काका. ताईचा. मी तेव्हा बाहेर बसले होते."

"अरेच्चा!" काका ओशाळले. "माझं सगळं हे असंच."

"पण कॅच अवघडच होता," ती म्हणाली. "टीव्हीवर कळत नाही किती ते. ती आधी उजवीकडे निघाली होती."

"असं?"

"थांबा, दाखवते."

ती उठली. खुर्ची मागे सारली आणि दोन टेबलांच्या मधे पाय फाकवून, गुडघे वाकवून बसली. वजन उजव्या पायावर टाकलं, मग ते मोडून डावीकडे कसं न्यायचं ते सावकाश करून दाखवलं. "इथे आपण पडतोच. ती पडली नाही." तिने पुन्हा एकदा करून दाखवलं. कपाटाजवळची बाई फाइल हातात धरून बघत राहिली.

टेबलावरचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत सकाळपासून पाणी नव्हतं. तिने खुर्ची ओढली आणि पत्ता लिहून घेऊ लागली.