पायडल खाली बसत होतं

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या अंगणात एका बाजूनं चेपलेली हिरवी मोटार दिसते ना, ती मी. माझे पहिले मालक चष्मे बनवायचे. त्यांनी मला जिवापाड जपलं. सुट्टीच्या दिवशी त्यांची मुलगी आणि धाकटा मुलगा मला पुसायचे, आणि पुसता पुसता पुढे कोण बसणार यावरून भांडायचे.

मालक गेले आणि मी शेडमध्ये पडून राहिले. माझ्या ब्रेकचं सगळं बळ तेलात. पाय पायडल दाबतो, तेल तो दाब चाकांपर्यंत नेतं. ते तेल कोणी बदललं नाही. त्यात ओलावा शिरला, आतली रबरं झिजली.

पुढे त्या मुलीला, म्हणजे ताईला, टेकडीवरच्या शाळेत नोकरी लागली. तिला ने-आण करायला भावानं मला बाहेर काढलं. पहिल्या दाबाला माझं पायडल मऊ लागे, दुसऱ्याला घट्ट. तो मला मिस्त्रीकडे घेऊन आला.

मिस्त्रीनं चारही चाकं उघडली. कुठेच तेलाची ओल नव्हती. तेलातली हवा काढून झाल्यावर त्यानं भावाला आत बसवलं.

"दाबा, आणि दाबूनच ठेवा."

पायडल हळूहळू खाली बसत गेलं.

"बाहेर थेंब नाही, म्हणजे दाब आतल्या आत सुटतोय," मिस्त्री म्हणाला. "पायडलाचा दाब जिथून तेलात जातो, त्या मुख्य सिलिंडरचं रबर गेलंय. नवं मिळेपर्यंत गाडी इथेच राहू द्या."

"दोनदा दाबलं की ब्रेक लागतो ना पण?"

"आज लागतो. उद्याचं मी सांगत नाही."

तरी भाऊ मला घेऊन निघाला. घराच्या दारात ताई उभी होती. "काय म्हणाले मिस्त्री?"

"काही नाही गं. हवा होती, काढली."

काही दिवस निभावलं. मग एकदा शाळेहून टेकडी उतरताना पुढची दूधगाडी अचानक थांबली. भावानं पायडल दाबलं, पुन्हा दाबलं. ते थेट तळाला टेकलं. हँडब्रेक पुरला नाही. दूधगाडी चुकवायला त्यानं मला कडेच्या भिंतीवर घातलं. भिंतीच्या बाजूला ताई बसली होती.

ती वाचली. तिचा एक पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

बऱ्याच महिन्यांनी माझ्यात राहिलेली पिशवी न्यायला ती भावाबरोबर गॅरेजमध्ये आली, कुबड्या घेऊन. मिस्त्रीनं फाटलेलं रबर दाखवलं. तिला ठाऊक असेल असं समजून तो म्हणाला, "मी गाडी ठेवून जा म्हटलं होतं."

ताईनं भावाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू बसली नसतीस."

"नसतेच बसले."

तिनं पिशवी खांद्याला अडकवली. भावानं पुढे होऊन हात दिला. तो तिनं धरला नाही. ती सावकाश फाटकाबाहेर गेली.

तेव्हापासून माझ्याकडे कोणी फिरकलेलं नाही. मित्रांनो, जुन्या गाडीची हौस खुशाल करा. तिचं तेल बदला, रबरं बदला. आणि पायडल पायाखाली मऊ लागलं, तर शेजारी बसणाऱ्याला आधी सांगा.