मास्तरांची वाचा

मास्तरांचं बोलणं गेलं तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला, आणि तो होता "च्यायला."

पोटापाण्याला ते दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पण दर रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण द्यायचे, म्हणून सगळ्यांचे मास्तर. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि शब्द पुसले गेले. फादर भेटायला आले, आपुलकीनं म्हणाले, "मास्तर, कसं वाटतंय?" मास्तर खणखणीत उद्गारले, "च्यायला!" मास्तरांच्या बायकोला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. फादर हसले. "खरं तेच बोलले," म्हणाले.

सून स्वतः स्पीच थेरपिस्ट. दवाखान्यात परक्यांना बोलतं करायची, आणि घरच्या माणसापुढे मात्र तिनं हात टेकले होते. पेला, चमचा, खुर्ची, सगळी चित्रं दाखवून झाली. मास्तर घाम फुटेपर्यंत ओठ हलवायचे, आणि शेवटी बाहेर पडायचा तोच एक शब्द.

तिला दुःख दुहेरी होतं. या घरात भांडायला सासऱ्यांइतकं तयार कुणी नव्हतं. तिचं माहेरही ख्रिस्तीच, पण कॅथलिक नव्हे. देवाचं काय ते सगळं बायबलमध्ये, त्याबाहेर काही नाही, अशा शिस्तीचं. ती ऐन जेवणात चर्चच्या एखाद्या रीतीवर बोट ठेवून विचारायची, "पप्पा, हे कुठे लिहिलंय?"

"आईला आई म्हणायचं, हे तू कुठे वाचलंस?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? देवानं आधी पुस्तक नाही पाठवलं, पोरी. तो स्वतः आला. ज्यांनी त्याला पाहिलं, ऐकलं, त्यांनी ते पुढच्यांना सांगितलं, त्यांच्यासोबत प्रार्थना केली, भाकर मोडली. मग त्यातूनच, पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं, लिहिलंही गेलं. झरा एकच. पुस्तक सोडलंस तर वाहवत जाशील. परंपरा सोडलीस तर..."

"तर?"

"तर माझ्याशी रोज भांडत बसशील."

हार कुणीच मानायचं नाही. जेवण मात्र गार व्हायचं.

आता चित्रांनी काही साधेना, म्हणून एके दिवशी तिनं त्यांचंच बायबल त्यांच्या मांडीवर उघडून ठेवलं. शब्द सापडले तर इथेच, असं तिला मनापासून वाटत होतं. उभा जन्म अक्षरं रंगवलेला तो माणूस त्या पानाकडे मुंग्यांची रांग बघावी तसा बघत राहिला. मग डाव्या हातानं त्यांनी पुस्तक मिटलं आणि ते रडू लागले.

संध्याकाळी सासूबाई नेहमीसारख्या प्रार्थनेला बसल्या, तेव्हा ती स्वयंपाकघरात निघून गेली. पाठ केलेली प्रार्थना म्हणजे पोपटपंची, असं तिचं जुनं मत. त्या वेळेला तिला हटकून एखादं पातेलं घासायचं असायचं.

पातेलं हातात असतानाच तिला दोन आवाज ऐकू आले. एक सासूबाईंचा. दुसरा जाडाभरडा, अडखळणारा, पण शब्दाला शब्द लावत जाणारा. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे..."

ती साबणाच्या हातांनीच धावली. मास्तर डोळे मिटून म्हणत होते. सासूबाईंच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. पण थांबलं तर धागा तुटेल, या धास्तीनं त्या म्हणतच राहिल्या.

त्या रात्री सुनेनं सासूबाईंना समजावलं, "आई, हजारदा म्हटलेलं मेंदूत वेगळ्या वाटेनं साठतं. शिवी तशीच, प्रार्थनाही तशीच."

"असेल बाई," सासूबाई नाक पुसत म्हणाल्या. "पण ते तिथे ठेवलं कुणी? त्यांच्या आईनं. तिला तिच्या आईनं दिलं."



दुसऱ्या दिवसापासून सून प्रार्थनेला बसू लागली. निव्वळ उपचार म्हणून, असं तिनं स्वतःला बजावलं. "आज आम्हाला" म्हणून ती थांबायची, आणि मास्तर म्हणायचे, "दे." बरेच दिवस नुसतं एवढंच. मग एका दुपारी तिनं पाण्याचा पेला पुढे धरला. "पाणी मला..."

मास्तरांनी पेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "दे," ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

"दे"च्या मागून "घे" आला, "नको" आला. तेव्हा तिनं धीर करून पुन्हा बायबल काढलं, आणि येशू शिष्यांना हीच प्रार्थना शिकवतो ते पान उघडलं. ती ओळीवरून बोट फिरवत म्हणू लागली. मास्तरांनी तिचं बोट सारून स्वतःचं ठेवलं. तोंडात होतं ते पानावर सापडत गेलं. एका शब्दापाशी ते थांबले, मागे गेले, पुन्हा आले. "भाकर," त्यांनी वाचलं. तिच्या माहेरचं पुस्तक आणि सासूबाईंची पोपटपंची एकाच ओळीवर भेटली होती. तिला हसूही येत होतं आणि रडूही.

रविवारचे वर्ग पुन्हा सुरू झाले तेव्हा फादरांनी दोघांना बोलावलं. आता सून बायबलमधलं शुभवर्तमान वाचते आणि मास्तर मुलांकडून प्रार्थना म्हणून घेतात. अडले तर मुलंच शब्द पुरवतात. पहिल्या दिवशी मात्र एक घोटाळा झाला. मास्तरांनी चालत्या हातानं, म्हणजे डाव्यानं, क्रुसाची खूण केली, आणि सगळ्या वर्गानं त्यांचं पाहून डावे हात कपाळाला लावले.

"अरे देवा!" म्हणत मागे बसलेल्या सासूबाई उठल्या, आणि एकेका मुलाचा उजवा हात धरून कपाळाकडे नेऊ लागल्या.